खादीचा रुमाल आणि उजेडाची रांगोळी

रात्री गच्चीवर जा. सोबत एक जुना, धुऊन धुऊन विरळ झालेला सुती रुमाल घ्या. घरातल्या कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च लावून वीसेक मीटर लांब, अंधारात उभे करा. आता रुमाल डोळ्यासमोर ताणून धरा आणि त्यातून त्या उजेडाकडे बघा.

टॉर्च एकच आहे, पण दिवे दिसतात अनेक. मधला ठळक. त्याच्या डावी-उजवीकडे आणि वर-खाली ओळीने मांडलेले लहान लहान दिवे, अधिकच्या चिन्हासारखे. त्या चिन्हाच्या कुशीत आणखी फिकट ठिपके. नीट पाहिले तर बाजूच्या ठिपक्याची आतली कड निळसर आणि बाहेरची तांबूस. कुणीतरी अंधारात ठिपक्यांची रांगोळी घालायला घ्यावी आणि रेघा जोडायच्या आधीच उठून जावे, तसे.

आता रुमाल हळूच बाजूला सरकवा. धागे सरकले, धाग्यांमधली भोके सरकली, पण रांगोळी जागची हलली नाही. मग रुमाल ताटासारखा गोल फिरवा. रांगोळीही सोबत फिरते. आणि तिसरी गंमत: रुमालाची एक कड डोळ्याकडे ओढून तो तिरपा करा, दार अर्धवट उघडल्यासारखा. तिरपे पाहताना उभे धागे एकमेकांच्या जवळ आल्यासारखे दिसतात. ठिपके मात्र नेमके उलटे करतात, एकमेकांपासून लांब पळतात.

मी वर्ध्याची. कापूस, सूत, खादी हे शब्द आमच्याकडे बोलण्यात आपोआप येतात. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात परदेशच्या बाजारातही नावाने ओळखला जायचा. पण सुती कापडातून क्वांटम भौतिकीच्या दारापर्यंत जाता येते, हे मला या रुमालाने दाखवले. त्यानंतर काही आठवडे मी घरात जे उद्योग केले, टाके घातले, बांगडी घरंगळवली, नवारीला पीळ दिले, त्याची ही हकिकत.

हाताने शिकायचे गाव

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले होते. अध्यक्ष गांधीजी. मुलांना पुस्तकाआधी हातउद्योग द्या, आणि गणित, भूगोल, विज्ञान त्या उद्योगाच्या ओघात शिकवा, असा त्यांचा आग्रह होता. मग डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. टकळीवर सूत कातताना मुलाने तार मोजावेत, वजन करावे, सरासरी काढावी, कापूस कुठल्या मातीत येतो हे विचारावे. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्राममध्ये हे काम वर्षानुवर्षे केले. ३० डिसेंबर १९३८ ला वर्ध्यात मगन संग्रहालय उघडले, तेही गांधीजींच्याच हस्ते. चरखे, ग्रामोद्योगाची अवजारे आणि हाताने केलेल्या वस्तू बघायला आजही लोक तिथे जातात. सेवाग्रामात नई तालीम समितीची आनंद निकेतन शाळा आजही चालते.

सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आखलेल्या त्या अभ्यासक्रमात क्वांटमचा प्रश्नच नव्हता. पण त्यामागचा विचार मला इथे जसाच्या तसा लागू पडताना दिसतो. क्वांटम भौतिकी शब्दांत सांगायला गेले की शब्द अडखळतात. ‘कणही आहे आणि लाटही आहे’ हे वाक्य आपण मान डोलावून ऐकतो आणि कोरडेच राहतो. तेच हाताने करून पाहिले, की निदान आपण नेमके कुठे अडखळतो ते तरी कळते.

रेशमी रुमाल आणि पन्नासेक केस

रुमालातून दिवा पाहणारी मी काही पहिली नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात फ्रान्सिस हॉपकिन्सन नावाचे गृहस्थ एका संध्याकाळी दारात बसले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी हे एक. त्यांनी सहज खिशातला रेशमी रुमाल डोळ्यासमोर धरला आणि रस्त्यावरच्या लांबच्या दिव्याकडे पाहिले. धागे जाडजूड तारांसारखे दिसले, आणि रुमाल हलवला तरी त्या तारा हलेनात. १७८५ मध्ये त्यांनी हे कोडे आपले मित्र डेव्हिड रिटनहाउस यांना पत्राने कळवले.

रिटनहाउस घड्याळे बनवणारे, आकाश बघणारे, हाताचे कसबी. कापडात उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतलेले, म्हणून त्यांनी गोष्ट सोपी केली. दोन बारीक आट्यांचे स्क्रू समांतर ठेवले आणि त्यांच्या आट्यांमध्ये पन्नासेक केस एकाशेजारी एक ताणून बसवले. फक्त उभे धागे असलेले एक इवलेसे कापडच म्हणा. त्यातून उजेडाची फट पाहिली, तर तिच्या दोन्ही बाजूंना ओळीने फटी उमटल्या. प्रयोगशाळेत आज ज्याला ग्रेटिंग म्हणतात, त्याचा हा पहिला नमुना, केसांचा आणि हाताने केलेला. त्याच्याही शंभरेक वर्षे आधी, १६७३ मध्ये, स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरी यांनी पक्ष्याच्या पिसातून सूर्यप्रकाश जाऊ दिला आणि पलीकडे रंगीत ठिपके पाहिले होते. ती तर निसर्गाने विणलेली जाळी.

यात घडते काय? धाग्यांमधल्या प्रत्येक भोकातून उजेड पलीकडे जाताना थोडा पसरतो. शेजारशेजारच्या भोकांतून निघालेल्या लाटा पुढे एकमेकींना भेटतात. ज्या दिशेने त्या एकाच तालात पोचतात तिथे उजेड, आणि ज्या दिशेने बेताल होतात तिथे अंधार. ठेका जुळला तर टाळ्यांचा आवाज मोठा होतो, तसेच.

हिशेब अगदी घरगुती आहे. रुमालात एका इंचात ८० धागे असतील, तर दोन धाग्यांमधले अंतर साधारण एक तृतीयांश मिलिमीटर भरते. हिरव्या उजेडाची लाट इतकी बारीक, की एका मिलिमीटरात १,८०० हून जास्त लाटा मावतात. म्हणजे धाग्यांमधले अंतर लाटेच्या सुमारे ५८० पट. म्हणून उजेड वळतो तोही ५८० त एक इतकाच: वीस मीटरवरच्या टॉर्चच्या बाजूला साडेतीन सेंटीमीटरवर पहिला ठिपका. कापड तिरपे धरले की धागे जवळ आल्यासारखे होतात, हा भागाकार बदलतो आणि ठिपके लांब जातात. रुमाल सरकवल्याने दोन धाग्यांमधले अंतर बदलत नाही, म्हणून रांगोळीही बदलत नाही. रांगोळीला धागा नेमका कुठे आहे याच्याशी काही घेणे नाही. धागे कितीशा अंतराने येतात, एवढेच ती विचारते.

इथे खादीची एक वेगळीच परीक्षा होते. मिलच्या मलमलीत धागे एकसारखे, म्हणून ठिपके टोकदार. हातकताईच्या कापडात सूत कुठे जाड कुठे बारीक, म्हणून ठिपके फिसकटतात, बाजूला जातील तसे पुसट होतात. ज्याचे सूत सरळ त्याची रांगोळी ठळक. ही कल्पनाही नवी नाही. उजेड लाटांसारखा वागतो हे ज्यांनी १८०१ नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले, त्या थॉमस यंग यांनीच पुढे लोकरीच्या तंतूंची जाडी मोजायचे एक साधन केले. तंतूंमधून दिवा बघायचा, त्याच्याभोवती उमटलेले कडे मोजायचे आणि त्यावरून तंतू किती बारीक ते सांगायचे. लाटांचे शास्त्र आणि लोकरीचा बाजार, दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते.

सलग दिसते ते धागा धागा

इथपर्यंत सगळे लाटांचे झाले. क्वांटम अजून आलेच नाही.

कापड दुरून सलग दिसते. जवळ गेलो की कळते, तो धागा धागा आहे, आणि विणताना अर्धा धागा टाकता येत नाही. उजेडाचेही असेच आहे. १९०० च्या डिसेंबरात माक्स प्लांक यांना तापलेल्या वस्तूच्या उजेडाचा हिशेब जुळवताना ऊर्जा सुटी सुटी, ठरावीक मापात मोजावी लागली. १९०५ मध्ये आइन्स्टाइन म्हणाले, हे नुसते हिशेबापुरते नाही, उजेडच सुटा सुटा येतो. त्या एका सुट्या दाण्याला आपण आज फोटॉन म्हणतो. अर्धा फोटॉन कुणाला मिळत नाही.

मग प्रश्न असा: रुमालातून एका वेळी एकच दाणा गेला तर? लाटा एकमेकींना भेटतात म्हणून रांगोळी होते, असे आपण आत्ताच म्हटले. एकट्याला भेटायला कोण आहे?

१९०९ मध्ये जेफ्री टेलर या तरुणाने हे करून पाहिले, तेही शिवणकामाची सुई घेऊन. गॅसची ज्योत, तिच्यापुढे एक फट, मग सुई, मग फोटोची काच. सुईच्या सावलीच्या कडांना बारीक पट्टे पडतात, ती लाटांची खूण. टेलरने ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा लावून उजेड कमी कमी करत नेला. शेवटी इतका कमी, की मैलाहून थोड्या लांब जळणाऱ्या एका मेणबत्तीचा जेवढा पडेल तेवढा. ती काच त्याने सुमारे तीन महिने तशीच उघडी ठेवली. धुतली तेव्हा पट्टे तसेच, तितकेच स्पष्ट.

ऐंशी वर्षांनी, १९८९ मध्ये, जपानच्या आकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच इलेक्ट्रॉन घेऊन केले, आणि एक एक इलेक्ट्रॉन पडताना दाखवला. पडद्यावर आधी दहाच ठिपके, वाटेल तसे. मग शंभर, तेही वाटेल तसे. हजारो झाल्यावर काहीतरी ओळीत असल्याचा भास. आणि ७०,००० च्या घरात पोचल्यावर उभे पट्टे, जणू विणलेल्या लुगड्याचे. एकाही इलेक्ट्रॉनला दुसऱ्याची सोबत नव्हती. प्रत्येक जण एकटा गेला आणि एकाच जागी पडला.

बिस्किटाच्या डब्यातल्या बारा चिठ्ठ्या

हे चित्र मला हाताने काढायचे होते. छापून घेतले असते तर पाच मिनिटांचे काम. पण एक एक ठिपका पडण्याची वाट बघणे हीच तर त्यातली गंमत.

खादीचा हातभर तुकडा घेतला. पेन्सिलीने अकरा उभी घरे आखली. बारा चिठ्ठ्या केल्या: दोन, सहा आणि दहा या घरांच्या दोन दोन, आणि एक, तीन, पाच, सात, नऊ, अकरा यांची एक एक. चार आणि आठ या घरांची चिठ्ठीच नाही. चिठ्ठ्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढायची, त्या घरात निळ्या दोऱ्याने गाठीचा एक टाका घालायचा, चिठ्ठी परत डब्यात. घरात वर की खाली, ते डोळे मिटून सुई टेकेल तिथे.

पहिल्या संध्याकाळी वीस टाके झाले. कापडावर गोवर उठल्यासारखे दिसत होते, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी साठ झाले तरी मी पैजेवर सांगू शकले नसते की इथे पट्टे आहेत. शेजारच्या काकू आल्या, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, “काऊन वं, हे काय ठिपके ठिपके करून राह्यली?”

दीडशेच्या पुढे कुठेतरी ते झाले. नेमके कितव्या टाक्याला ते सांगता येणार नाही, आणि हेच मला सगळ्यात नवल वाटले. एकाही टाक्याने पट्टा केला नाही. पुढची चिठ्ठी कुठली निघणार ते मला शेवटपर्यंत कळत नव्हते. तरी कापडावर तीन निळे दाट पट्टे उभे होते आणि मधे दोन कोऱ्या वाटा. २४० टाक्यांवर मी दोरा तोडला. एक टाका बेभरवशाचा, पण २४० टाके भरवशाचे. क्वांटमचे भाकीत असेच असते. एका कणाबद्दल ते हात वर करते, आणि हजारोंबद्दल नेमके बोलते.

मी कापड काकूंना दाखवले, दोनच भोके असलेल्या पडद्यातून एकट्याने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची गोष्ट सांगितली. काकूंनी डबा हलवून पाहिला. “चारच्या घराची चिठ्ठीच नाही, त मंग तिथं टाका पडन कसा? हे त तूच आधी ठरवलं.”

काकूंचे बोट बरोबर दुखऱ्या जागी पडले होते. पट्टे मी चिठ्ठ्यांतच भरून ठेवले होते. निसर्गात चौथे घर रिकामे ठेवणारा कोण? आणि खरे कोडे याहून अवघड आहे. दोन भोकांपैकी एकच उघडे ठेवले, तर कण चौथ्या घरातही पडतात. दुसरे भोक उघडले, म्हणजे तिथे यायची आणखी एक वाट दिली, की चौथे घर ओस पडते. डब्यात चिठ्ठ्या वाढवून कुठलेही घर कधी रिकामे होत नाही. वाटा वाढल्यावर येणारे शून्य होतात, असा डबा करता येत नाही. म्हणजे निसर्ग चिठ्ठ्या टाकत नाही. तो दुसरेच काहीतरी मोजतो.

घरंगळणारी बांगडी

काय मोजतो, ते पाहायला मी काचेची एक बांगडी घेतली, दोन-चारच्या मापाची. बाहेरून दोरा गुंडाळून मोजला, घेर १९ सेंटीमीटर. तिच्यावर नखरंगाचा एक लाल ठिपका दिला. अंगणात खडूने भिंतीची एक रेघ मारली, तिच्यापासून दीड मीटरवर, एकमेकांपासून ४० सेंटीमीटर अंतरावर दोन भोके खुणावली.

आता खेळ असा. बांगडी पहिल्या भोकापासून भिंतीवरच्या एखाद्या जागेपर्यंत सरळ घरंगळवत न्यायची, निघताना ठिपका वर. पोचल्यावर ठिपका कुठे आहे ते पाहायचे. मग दुसऱ्या भोकापासून त्याच जागेपर्यंत तसेच. बांगडीच्या मध्यापासून ठिपक्यापर्यंतची रेघ म्हणजे एक बाण समजा, घड्याळाच्या काट्यासारखा फिरणारा. दोन वाटांचे दोन बाण. ते बेरजेत मिळवायचे.

भिंतीच्या मधोमध दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या. दोन्ही बाण एका दिशेला, बेरीज मोठी, तिथे उजेड. मधल्या जागेपासून बाजूला ३७ सेंटीमीटरवर या. जवळच्या भोकाची वाट सुमारे १५१ सेंटीमीटर, लांबच्याची १६०.५. फरक साडेनऊ, म्हणजे बांगडीचा अर्धा घेर. एक ठिपका वर असेल तर दुसरा बरोबर खाली. बेरीज शून्य. हेच ते चौथे घर. आणखी बाजूला, ८२ सेंटीमीटरच्या आसपास, फरक पूर्ण घेराएवढा होतो, बाण पुन्हा एका दिशेला येतात, पुन्हा उजेड.

निसर्गाचा हिशेब हा आहे. प्रत्येक वाटेला तो एक बाण देतो, वाटेची लांबी तो बाण किती फिरवायचा ते ठरवते, मग सगळे बाण मिळवतो, आणि मिळालेल्या बाणाच्या लांबीचा वर्ग म्हणजे तिथे कण सापडण्याची शक्यता. चिठ्ठ्या फक्त वाढतात. बाण मात्र वाढतात आणि एकमेकांना पुसूनही टाकतात. रिचर्ड फाइनमन यांनी १९८५ च्या आपल्या छोट्या पुस्तकात गणित न येणाऱ्या वाचकांसाठी फिरत्या बाणांचीच भाषा वापरली. आमच्याकडची टकळीही फिरत फिरतच सूत देते, म्हणून ही भाषा मला परकी वाटली नाही.

काकूंनी बांगडी दोनदा घरंगळवून पाहिली आणि म्हणाल्या, “आता पटलं थोडंसं.” मग विचारले, “पण खरंच कोणत्या भोकातून गेला?” हा प्रश्न शंभर वर्षे लोक विचारत आहेत. एवढे मात्र पक्के ठाऊक आहे, की कुठल्या भोकातून गेला याची कुठेही खूण उरली, तर बाण एकत्र मिळवता येत नाहीत, आणि पट्टे नाहीसे होतात.

नवारीचे दोन पीळ

तिसरा उद्योग खाटेच्या नवारीचा. नवारीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दुसऱ्या टोकाला एक जाड वही पिनेने अडकवा. वही जागच्या जागी, नवारीच्या लांबीच्या आसाभोवती, एक पूर्ण फेरी फिरवा. नवारीला एक पीळ पडला. आता वही न फिरवता, तिचे तोंड त्याच दिशेला ठेवून, ती नुसती नवारीच्या भोवतीने, खालून पलीकडे अशी फिरवून आणा. पीळ जातो का? नाही. उलटा होतो.

पुन्हा सरळ करा. या वेळी एकाच दिशेने दोन पूर्ण फेऱ्या द्या. नवार चांगलीच पिळलेली दिसेल. आता वही तशीच, न फिरवता, नवारीभोवती एकदा घालून आणा आणि ताणा. पीळ गेला. नवार सरळ.

एक फेरी सुटत नाही, दोन सुटतात. पॉल डिरॅक यांच्या नावाने ही करामत ओळखली जाते, आणि इलेक्ट्रॉनचा फिरण्याचा स्वभाव अगदी असाच आहे. त्याला एकदा पूर्ण फिरवले तर तो पहिल्यासारखा होत नाही, त्याचा बाण उलटा होतो. दोनदा फिरवल्यावरच तो मूळ जागी येतो. हे केवळ गणित नाही. १९७५ मध्ये न्यूट्रॉनवर प्रयोग करून हे मोजून पाहिले गेले. याच विचित्र स्वभावाच्या कणांना वोल्फगांग पाउली यांचा १९२५ चा नियम लागू होतो: असे दोन कण एकाच वेळी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. इलेक्ट्रॉन एकमेकांवर दाटीने बसत नाहीत म्हणून अणूला आकार आहे, वस्तूला घट्टपणा आहे, आणि बोट कापडातून आरपार जात नाही. नवारीच्या दोन पिळांचा संबंध नवार हातात धरता येण्याशी असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

हाताची हद्द

या सगळ्याला कला म्हणावे का? हा दुवा जगात इतरांनीही जोडला आहे. १९९९ मध्ये व्हिएन्नात आंतोन त्साइलिंगर यांच्या गटाने साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू बारीक जाळीतून सोडला आणि त्यालाही लाटेचे पट्टे पडतात असे दाखवले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांपैकी एक, यूलियान फोस-आंद्रेए, पुढे शिल्पकार झाला. त्याचे ‘क्वांटम मॅन’ हे शिल्प पोलादाच्या समांतर पट्ट्यांचे आहे: समोरून पाहिले तर चालणारा भरीव माणूस, कडेने पाहिले तर जवळजवळ अदृश्य. आपल्याकडे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून मुलांना विज्ञान करायला लावले.

पण हाताची हद्दही सांगितली पाहिजे. माझ्या कापडावरचा टाका एकाच घरात असतो, सुई टोचण्याआधीही आणि नंतरही. बांगडी एका वेळी एकाच वाटेने जाते, मला तिला दोनदा न्यावी लागते. दोन्ही वाटांचा बाण एकदम वागवणारा दोरा, सुई किंवा बांगडी कुणाच्या घरात नाही. हस्तकलेने निसर्गाचा हिशेब दाखवता येतो, निसर्ग करता येत नाही. अपवाद एकच, तो रुमाल. तिथे आपण कशाची नक्कल करत नाही. टॉर्चमधून निघून डोळ्यात पोचलेला प्रत्येक फोटॉन खरोखरच त्या धाग्यांतून येतो, आणि तो कुठे पडेल हे बाणांची बेरीजच ठरवते.

एप्रिल २०२३ मध्ये आपल्या सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी रुपये मंजूर केले. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे वर्ष म्हणून पाळले. मिशनच्या पैशातून मोठी यंत्रे होतील, व्हायलाच हवीत. पण त्या यंत्रांपाशी पुढे उभी राहणारी मुले आज वर्धा, देवळी, आर्वी, सेलूच्या शाळांत आहेत, आणि त्यांच्या खिशात रुमाल आहे. शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. प्रकाशाचा धडा काढण्याआधी एका संध्याकाळी मुलांना मैदानावर बोलवा, टोकाला एक टॉर्च लावा आणि रुमालातून बघायला सांगा. सूर्याकडे किंवा लेझरकडे मात्र कुणालाही, कधीही बघू देऊ नका. सूत्र दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहा.